केरिस घ्यायची, पण कुठल्या प्रांताची?

‘अस्सल मलय केरिस’ म्हणून जी कट्यार बाजारात पुढ्यात येते, ती पुष्कळदा तीन ठिकाणांहून गोळा केलेली असते. पाते मदुरा बेटावर घडवलेले, मूठ बालीच्या नमुन्याची आणि म्यान मध्य जावाचे. यातली प्रत्येक वस्तू एकेकटी चांगली असू शकते, पण त्यांची मोट बांधली म्हणून केरिस होत नाही. त्यामुळे या परीक्षणात कारागिरी, किंमत आणि वय हे सगळे दुय्यम मानले आहे. पहिला प्रश्न असा की पाते, मूठ आणि म्यान एकाच प्रांताची आणि एकमेकांसाठी बनवलेली आहेत का? हे जुळले तर साधी, बिनसोन्याची केरिसही घेण्याजोगी ठरते. हे जुळले नाही तर हस्तिदंती मुठीलाही भुलू नये.

आधी भाग नीट समजून घेऊ, कारण फसवणूक भागांतच होते. केरिसचे पाते सरळ असो वा नागमोडी, बुडाशी ते एका बाजूला पसरट होत जाते. त्या बुडावर एक आडवी लोखंडी पट्टी बसवलेली असते. जावात तिला गोंजो म्हणतात, मलय लोक आरिंग म्हणतात. ही पट्टी बहुतेक वेळा वेगळी घडवून मग बसवलेली असते. तिच्या मधल्या भोकातून पात्याचा गोल दांडा वर येतो आणि मुठीत शिरतो. दांड्याचे जावी नाव पेसी, लांबी साधारण ६ ते ८ सेंटिमीटर. मूठ आणि गोंजो यांच्यामध्ये धातूचे एक कडे असते, मलय प्रदेशात पेंडोंगकोक आणि जावात मेंदक. म्यानाच्या तोंडाशी नावेसारखा आडवा लाकडी भाग असतो, तो सांपिर. जावात म्यानाच्या या वरच्या भागाला वारांगका म्हणतात. पात्याचे बूड एका बाजूला पसरट असल्यामुळे सांपिरची खाचही एकाच बाजूला लांब असते आणि केरिस म्यानात एकाच दिशेने जाते. दोन्ही दिशांनी बसणारे म्यान दिसले की ते या पात्याचे नाही, हे तिथेच कळते.

हे भोसकण्याचे हत्यार आहे, चिरण्याचे नव्हे. मूठ पात्याच्या रेषेत सरळ नसते, कोनात वळलेली असते. तळवा मुठीच्या मागे टेकतो आणि अंगठा व तर्जनी बुडाला चिमटीत धरतात. बोटांसाठी खाचा पाडलेली सरळ मूठ असलेली ‘केरिस’ विमानतळाच्या दुकानातल्या शोभेच्या वस्तूंपैकी असते. तिच्यावर याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

मलय द्वीपकल्प आणि पट्टणी

द्वीपकल्पातली केरिस हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो संयम. पात्यावरची नक्षी, म्हणजे लोखंड आणि निकेलयुक्त लोखंड एकत्र ठोकून उमटवलेले पामोर, इथे जावाइतके उठावदार नसते. पृष्ठभाग गुळगुळीत, रंग करडा-काळा आणि थर बारीक. सरळ पात्याला सेपुकल म्हणतात. नागमोडी पात्यांमध्ये वळणांची संख्या नेहमी विषम असते. मोजताना बुडापासून सुरू करून डावीकडचे आणि उजवीकडचे वळण आळीपाळीने घ्यायचे. टोकाजवळचे शेवटचे वळण फार उथळ असते आणि नवख्याच्या नजरेतून तेच निसटते. नीट मोजूनही सम आकडा आला तर टोक कधीतरी मोडले असून पुन्हा घासून काढले आहे, असे धरून चालावे.

मूठ बहुधा ‘जावा डेमाम’ नमुन्याची असते. थंडीतापाने हुडहुडी भरलेल्या माणसाने खांदे उचलून हात पोटाशी घ्यावेत, तशी ती वाकलेली आकृती. मूळ हिंदू-जावी काळातली मानवाकृती इस्लाम आल्यावर हळूहळू वेलबुट्टीत विरघळत गेली, आणि याचा पुरावा मुठीवरच मिळतो. चांगल्या मुठीत चेहऱ्याच्या जागी पानांची गुंफण असते, पण हातांची घडी आणि खांद्याचा उंचवटा अजून शाबूत असतात. बाजारातल्या नव्या मुठींमध्ये नेमके हेच चुकते. कोरणारा वेलबुट्टी भरतो, पण तिच्या आतले शरीर विसरतो. मूठ बाजूने उजेडासमोर धरा. पाठीचा बाक एका सलग रेषेत उतरला पाहिजे. मध्येच सपाट पट्टा दिसला तर यंत्रावर ठोकळा कापून वर नुसती नक्षी काढलेली आहे.

लाकूड हा द्वीपकल्पाच्या केरिसचा खरा दागिना. पिवळट, चकचकीत केमुनिंग आणि काळसर रेघांचे केतेंगा यांना सर्वाधिक मान. सांपिरसाठी रेघा अशा निवडतात की दोन्ही टोकांकडे त्या पंख्यासारख्या पसराव्यात. टोके पातळ असतात आणि तिथे रेघा आडव्या पडल्या की लाकूड तुटतेच. जुन्या म्यानाचे एक टोक नवे जोडलेले पुष्कळदा सापडते. जोड स्वच्छ असेल आणि विक्रेत्याने आधी सांगितला असेल तर त्यात वावगे काही नाही. जोडावर गडद पॉलिश चढवून तो लपवला असेल तर इतर गोष्टीही लपवल्या असणार.

उत्तरेकडे, मलेशियातल्या केलांतान आणि आजच्या थायलंडातल्या पट्टणी भागात, केरिसचे रूप एकदम पालटते. इथली ताजोंग मूठ एकदा पाहिली की विसरत नाही. लांबच लांब, वर उचललेले नाक, खाली सुळे, आणि सगळ्या अंगावर एकाही मोकळ्या जागेशिवाय कोरलेली नक्षी. तिला पेकाका, म्हणजे खंड्या पक्षी, असेही म्हणतात, पण नीट पाहिले तर ती पक्ष्यापेक्षा छायानाट्यातल्या राक्षसाच्या जवळची आहे. पट्टणी हे स्वतंत्र मलय राज्य होते. १७८५ मध्ये सयामने ते जिंकले आणि १९०९ च्या ब्रिटिश-सयामी तहाने सीमा आखली गेली. त्यामुळे एकच शैली आज दोन देशांत विभागली आहे, आणि ‘केलांतानची की पट्टणीची’ हा विक्रेत्यांचा वाद पुष्कळदा निरर्थक असतो. आणखी उत्तरेला, सोंगखला भागात, कोतेंग नावाची वेगळी मूठ दिसते. ती फारशी विकायला येत नाही.

ताजोंगबद्दल स्पष्ट मत असे: सौंदर्यात ती सगळ्या मलय केरिसांच्या वर आहे, आणि पहिली खरेदी म्हणून सगळ्यांत वाईट. जुने नमुने कमी, मागणी जास्त, त्यामुळे नव्या मुठी चहाच्या काळ्या पाण्यात आणि धुरात मुरवून जुन्या म्हणून खपवतात. ओळखायची जागा नाकाच्या मुळाशी आहे. खऱ्या जुन्या मुठीत उंचवटे हाताने घासून गोलावलेले असतात आणि खोल खाचांच्या कडा अजून टोकदार असतात. मुरवलेल्या मुठीत याच्या उलट दिसते. खाचांत रंग साचलेला असतो आणि उंचवटे कोरीव सुरीच्या धारेसारखे तीक्ष्ण राहिलेले असतात.

बुगिस आणि सुमात्रा

१६६९ मध्ये डचांनी सुलावेसी बेटावरचे मकास्सर पाडल्यावर तिथले बुगिस आणि मकास्सरी लढवय्ये समुद्रमार्गे पश्चिमेकडे पसरले. रियाउ, जोहोर, सेलांगोर इथल्या राजकारणात ते अठराव्या शतकात पक्के रुजले. द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडच्या केरिसवर बुगिस छाप एवढी गडद का, याचे उत्तर या स्थलांतरात आहे. बुगिस म्यानाचा सांपिर जाड, गोलसर आणि भरीव असतो, उत्तरेकडच्या निमुळत्या टोकांचा नव्हे. मूठ जवळपास काटकोनात वळलेली, पक्ष्याच्या डोक्यासारखी. पाते रुंद आणि वजनदार.

बुगिस पात्यांचे आणखी एक महत्त्व आहे. सुलावेसीतल्या लुवू भागातले लोखंड नैसर्गिकरीत्या निकेलयुक्त असते आणि ते पूर्वी जावापर्यंत निर्यात होत असे. पामोरमधले चकाकते पट्टे या निकेलमुळे दिसतात. सोमलाच्या (आर्सेनिकच्या) द्रावणात बुडवल्यावर साधे लोखंड काळे पडते आणि निकेलयुक्त थर पांढुरका राहतो. ‘उल्केच्या लोखंडाची केरिस’ या दाव्याकडे मात्र सावधपणे पाहावे. मध्य जावातल्या प्रंबाननजवळ पडलेल्या उल्केचे लोखंड अठराव्या शतकाच्या अखेरीस सुराकार्ताच्या राजवाड्यात आणले गेले आणि त्यातून खरोखरच केरिसा घडल्या, पण त्या राजघराण्याच्या परिघातल्या. हाटात मिळणाऱ्या केरिसमधले पांढरे थर आजच्या कारखानी निकेलचे असतात. त्यात कमीपणा काही नाही. उल्केच्या नावाखाली वाढीव पैसे मात्र देऊ नयेत.

सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ भागातली लांब केरिस वेगळ्याच प्रकृतीची. पाते अरुंद, सरळ, पुष्कळदा अर्ध्या मीटरहून लांब. मूठ लहान, हस्तिदंती किंवा शिंगाची. म्यानही तसेच सडपातळ. भिंतीवर टांगायला यापेक्षा देखणी रेषा दुसरी नाही, पण लांब अरुंद पाते वाकलेले असण्याची शक्यता फार. पाते डोळ्याशी आणून बुडाकडून टोकाकडे पाहा, नेम धरल्यासारखे. किंचित बाक चालेल. मरगळलेला, दोनदा पलटलेला बाक असेल तर ते कधीतरी तापवून सरळ केलेले आहे आणि आतल्या पोलादाचा कस गेलेला आहे.

जावा आणि मदुरा

मलय केरिसबद्दल बोलताना जावाला वगळता येत नाही. शैलींचा उगम तिथला आहे आणि आज विकल्या जाणाऱ्या बहुतांश केरिसाही तिथल्या किंवा शेजारच्या मदुरेतल्या आहेत. हिंदू-बौद्ध काळाचा ठसा तिथे दगडातही आहे. पंधराव्या शतकातल्या सुकुह मंदिरावर लोहारशाळेचे एक शिल्प आहे. भीम ऐरणीपाशी पाते घडवतो आहे, अर्जुन भाता चालवतो आहे आणि मध्ये गणपती नाचतो आहे. शके १२६४, म्हणजे इसवी सन १३४२, असा काळ कोरलेली ‘क्नाउद’ केरिस आज अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. तिच्या पात्यावर रामायणातले प्रसंग आहेत.

जावात दोन घराणी लक्षात ठेवावीत. १७५५ च्या गियांतीच्या तहाने मातारामचे राज्य सुराकार्ता आणि योग्याकार्ता असे दुभंगले, आणि केरिसची वेशभूषाही दुभंगली. सुराकार्ताचे समारंभी म्यान लाद्रांग, ऐसपैस, पुढचे टोक लांब वळवलेले. योग्याकार्ताचे ब्रांगाह, आटोपशीर, जुन्या वळणाचे. दोन्हींकडे रोजच्या वापराचे गायामान हे गोल, बिनटोकाचे म्यान असते. मुठीही तशाच. सुराकार्ताची भरदार, योग्याकार्ताची किंचित बारीक. लाद्रांग म्यानावर योग्याकार्ताची मूठ बसवलेली केरिस इंडोनेशियाच्या बाजारात पावलोपावली दिसते. विचारल्यावर ‘मूठ नंतर बदलली’ असे उत्तर मिळते. मूठ बदलणे ही तिथे नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे हे उत्तर खरेही असू शकते. मग योग्य मूठ निराळी विकत घेऊन बसवावी आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागावी.

म्यानासाठी तिमोहो लाकडावरचे काळे डाग मोलाचे मानतात. हे डाग आता ब्रशनेही काढतात. खरा डाग लाकडाच्या आत शिरलेला असतो. पाते काढल्यावर खाचेच्या तोंडाशी तोच डाग कापलेल्या बाजूवर पुढे चालू राहिलेला दिसतो. रंगवलेला डाग कडेवर थांबतो. खालच्या लाकडी नळीवर पेंडोक हा पितळी किंवा चांदीचा कोश चढवतात. तो बंद असेल तर काढून पाहावा, कारण आतली फुटकी नळी झाकण्याची ती आवडती जागा आहे.

मदुरा बेटावर सुमेनेपजवळ आयेंग तोंग-तोंग हे गाव आहे. केरिस घडवणाऱ्या लोहारांची तिथे दाट वस्ती आहे आणि इंडोनेशियाभर विकल्या जाणाऱ्या नव्या केरिसांचा मोठा वाटा तिथून येतो. मदुरेची स्वतःची जुनी शैलीही फार रसाळ आहे. हस्तिदंती मुठींवर डच काळातले मुकुट, युरोपीय शिरस्त्राणे, पंख असलेला घोडा आणि फुलांचे तुरे कोरलेले असतात. इस्लामी बेटावरच्या हत्यारावर युरोपीय लष्करी डामडौल इतक्या सहजपणे बसलेला दुसरीकडे क्वचितच दिसतो.

पण आजच्या खरेदीदाराच्या दृष्टीने मदुरेचे मोल निराळे आहे. १९४५ नंतर घडलेल्या केरिसांना कामार्दिकान म्हणतात. नवी म्हणून विकली जाणारी कामार्दिकान केरिस ही पहिल्या खरेदीसाठी सर्वांत प्रामाणिक वस्तू आहे. तिचे पामोर खरे घडीव असते. लोखंड आणि निकेलचे थर भट्टीत जोडून दुमडतात, प्रत्येक घडीला थरांची संख्या दुप्पट होते, सात घड्यांना एका थराचे १२८. मग मध्ये पोलादाची पट्टी घालून पुन्हा जोडतात, म्हणजे धार पोलादाची राहते. काम करताना बहुतेक लोखंड कीट होऊन गळून जाते आणि हाती उरलेले पाते काही शे ग्रॅमचे असते. म्हणून घडीव पाते कधीच मातीमोल विकले जात नाही. फार स्वस्त मिळाले तर नक्षी घडीव नसून आम्लाने खोदलेली आहे.

दोन्हींतला फरक ओळखणे अवघड नाही. घडीव पामोर पात्याच्या उतारावर, कानसने खोल केलेल्या खाचांत आणि धारेवर वळत जाते, कारण थर आरपार असतात. एका बाजूचा नमुना दुसऱ्या बाजूशी मिळताजुळता असतो, हुबेहूब नसतो. आम्लाची नक्षी वरवर राहते, दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी तंतोतंत येते आणि कडेला अचानक तुटते. नख हलकेच आडवे फिरवा. घडीव पात्यात निकेलचे थर अगदी बारीक उंचावलेले लागतात. आम्लाच्या कामात नख खड्ड्यांत अडकते.

बाली आणि सुंदांग

बालीची केरिस आकाराने मोठी, पाते बहुधा ४० सेंटिमीटरच्या पुढे. जावात दरवर्षीच्या धुण्याने पाते खरबरीत होत जाते, बालीत ते घासून गुळगुळीत ठेवतात. मुठींवर देव, राक्षस, सोन्याचा पत्रा, खडे. पाठीवर उंच खोचतात, मूठ खांद्यावरून डोकावते. हिंदू विधींमध्ये ती अजून जिवंत आहे. दर २१० दिवसांनी येणाऱ्या तुम्पेक लांदेप या दिवशी लोखंडी हत्यारांची पूजा होते. एवढे सगळे खरे असूनही बालीतून केरिस घेण्याची शिफारस करवत नाही, कारण उबुदच्या रस्त्यावर मिळणाऱ्या रंगीत मुठींखाली बहुतेकदा मदुरेचे लहान पाते असते. मोठ्या बाली म्यानात ते खुळखुळते. हलवून आवाज ऐका. खुळखुळ आली तर पुढचे काही पाहू नका.

फिलिपाइन्समधल्या सुलू आणि मिंडानाओकडची सुंदांग ही नात्याने केरिस, स्वभावाने तलवार. ती वार करण्यासाठी आहे. म्हणून तिचा दांडा गोल नसून चपटा असतो, नाहीतर वार करताना मूठ हातात फिरेल, आणि गोंजोवर पात्याला धरून ठेवणारी धातूची पकड असते. मूठ काकाकुव्याच्या डोक्याची. ही निर्विवाद दणकट वस्तू आहे. केरिसचे नाजूकपण हवे असेल तर मात्र ती तुमच्यासाठी नाही.

हातात घेऊन तपासताना

पाते काढताना डाव्या हाताने म्यानाला सांपिरच्या खाली बाजूंनी धरा, बोटे नळीभोवती गुंडाळू नका. जुने म्यान जोडावर उकललेले असेल तर धार सरळ बोटात जाते. अंगठ्याने गोंजोला ढकलून पाते किंचित सैल करा आणि मग म्यान मागे ओढा, पाते नव्हे. आत घालताना उलट क्रम.

जुने असल्याचा दावा असेल तर झीज पाहा. खऱ्या पात्याची झीज असमान असते. धार आणि टोक पातळ, बुडाकडचा भाग जाड, दांडा वर्षानुवर्षांच्या धुण्याने बारीक झालेला. मुद्दाम आम्लात किंवा खाऱ्या मातीत ठेवलेल्या पात्याला सगळीकडे सारखेच खड्डे पडतात, अगदी जिथे हात लागत नाही त्या खोल खाचांतही. गोंजो आणि पाते यांच्यामधून उजेड दिसतो का पाहा. बारीक फट जुन्या वस्तूत असू शकते, पण गोंजोवरचे पामोर पात्याशी अजिबात जुळत नसेल तर ती बदललेली आहे.

मूठ काढून दाखवायला सांगा. ती दांड्यावर कापडाची पट्टी किंवा दोरा गुंडाळून घट्ट बसवलेली असते. हलक्या हाताने दोन्ही बाजूंना फिरवली की सुटते. मलय केरिसांत काही वेळा राळ वापरलेली असते. अशी मूठ ओढू नये, पात्याचे बूड गरम हवेने थोडे तापवले की राळ मऊ होते. मूठ आजच्या काळातल्या दोन भागांच्या गोंदाने पक्की चिकटवली असेल तर खरेदी तिथेच थांबवावी. असा गोंद बहुधा मोडलेला किंवा नंतर जोडलेला दांडा लपवण्यासाठीच भरतात. मूठ डुगडुगत असेल तर दोऱ्याचे दोन वेढे वाढवले की काम झाले.

इंडोनेशियात किंमत न म्हणता ‘माहर’ म्हणतात आणि त्याबरोबर पात्यातल्या दैवी शक्तीची, भाग्याची, जावातल्या जुन्या मजापाहित साम्राज्याच्या काळाची कहाणी येते. केरिसभोवतीच्या श्रद्धा तिथल्या माणसांच्या आहेत, त्यांचा मान राखावा, केरिस दोन्ही हातांनी घ्यावी. मात्र माहर ठरवताना लोखंड, लाकूड आणि हात एवढ्याचेच मोल करावे. कहाणी लांबत गेली की रुपयाचे शून्यही वाढत जातात.

घरी आणल्यावर

सर्वांत जास्त नुकसान खरेदीनंतर होते. धार लावू नका. दगडावर दोनदा घासले तरी पामोर आणि घडीव आकार दोन्ही कायमचे जातात. पितळ चमकवण्याची पेस्ट आणि वाळूचा कागद तर वर्ज्यच.

पारंपरिक धुलाईत पाते आधी नारळाच्या पाण्यात भिजवून गंज सैल करतात, मग लिंबाचा रस आणि रिठ्याने घासून लोखंड पांढरे होईपर्यंत स्वच्छ करतात. धुऊन पूर्ण वाळवल्यावर सोमल आणि लिंबाच्या रसाचे द्रावण चढवतात, म्हणजे काळा-पांढरा भेद उठून येतो. जावात हे बहुधा सुरो, म्हणजे जावी पंचांगाच्या पहिल्या महिन्यात करतात. यात दोन ठिकाणी हमखास चुकते. रस नीट न धुता द्रावण चढवले तर पाते तपकिरी डागाळते, आणि तेलाचा अंश राहिला तर तिथे ठिपके पडतात. पण सोमल हे जालीम विष आहे. घरी हा प्रयोग करूच नये, जाणत्या कारागिराकडेच पाते द्यावे.

घरी एवढेच पुरे: दोन-तीन महिन्यांनी मऊ कापडाने जुने तेल पुसायचे, पांढऱ्या खनिज तेलात चंदनाच्या तेलाचे काही थेंब घालून पातळ हात फिरवायचा आणि कोरड्या कापडाने पुन्हा पुसायचे. तेलाने निथळते पाते म्यानात घातले तर लाकूड ते पिते, आत धूळ चिकटते आणि पुढे म्यानच पात्याला डाग देते. वातानुकूलित कोरड्या खोलीत लाकूड आकसते. पाते म्यानात अडकू लागले तर जोर लावू नका, काही दिवस दमट हवेच्या खोलीत ठेवा. सांपिर तडकतो तो अशा वेळी दिलेल्या झटक्याने.

शेवटी कागदपत्रे. इंडोनेशियाच्या २०१० च्या सांस्कृतिक वारसा कायद्यात ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या वस्तू वारसा ठरू शकतात आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून नव्या केरिसच्या पावतीवर ‘नवी’ असे घडवल्याच्या वर्षासह लिहून घ्यावे. जुनी म्हणून विकणारा विक्रेता हे लिहायला तयार झाला तर दोनपैकी एक गोष्ट खोटी आहे. हस्तिदंत, डुगाँग या समुद्रप्राण्याचा दात किंवा स्पर्म व्हेलचा दात असलेली मूठ आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापाराच्या निर्बंधांखाली येते आणि सीमाशुल्कात जप्त होऊ शकते. लाकडी मूठ घ्या. विमानात केरिस हातसामानात नेता येत नाही. सामानात टाकताना मूठ काढून वेगळी गुंडाळा, सांपिरच्या दोन्ही टोकांना मऊ कापडाचे जाड वेढे द्या आणि पाते म्यानाबाहेर, कडक पुठ्ठ्याच्या नळीत ठेवा.